मळमळ, आजीबाईचा बटवा आणि डॉक्टरांची गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यातल्याच एखाद्या बाईने घरच्या अनुभवावर चार शब्द बोलावे, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. पापड-लोणची झाली, लेकरांचे दात झाले, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या झाल्या. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, चूल आणि मूल सांभाळता सांभाळता चाळिशी ओलांडली. विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणार नाही. पण आमच्या घरी दीड-दोन वर्षे जे चालले, त्यात मी जे पाहिले, डॉक्टरांना व नर्सबाईंना विचारून जे समजून घेतले आणि वाचून पाहिले, ते सांगावे असे मनात आहे. विषय आहे कर्करोगाच्या उपचारात होणारी मळमळ, आणि तिच्यावर आपल्या स्वयंपाकघरातले व रानातले उपाय कितपत चालतात हा.

विषय जड आहे. पण वरोऱ्याच्या बायकांनी तरी रोगाचे नाव घ्यायला लाजू नये. १९४९ साली बाबा आमट्यांनी आपल्या गावाशेजारी आनंदवन उभारायला घेतले, तेव्हा लोक महारोग्याची सावलीही टाळत. रोग्याला आधी माणूस म्हणून पाहावे, हे या गावाने शेजारी राहून पाहिले आहे. बाबा २००८ साली गेले, ते रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते. चिमूरच्या १९४२ च्या लढ्यामागे ज्यांच्या भजनांची प्रेरणा होती, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली याच रोगाने गेले, आणि नागपूरचे कर्करोग रुग्णालय आज त्यांच्या नावाने चालते. एवढ्या मोठ्या माणसांना जो रोग झाला, तो आपल्या आळीतल्या बाईला झाला तर तिने तो पदराखाली का झाकावा? हा रोग शिवल्याने होत नाही. तिच्या ताटात जेवल्याने होत नाही. हे पहिल्याने पक्के समजावे.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, आणि मग दर एकवीस दिवसांनी सलाईनमधून औषध, ज्याला सगळे किमो म्हणतात, ते सुरू झाले. नागपूर वरोऱ्याहून सुमारे शंभर किलोमीटर. सकाळच्या गाडीने जायचे, दिवसभर बाटली चढायची आणि रात्री परत. पहिले औषध लाल रंगाचे असते. त्याने एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. कुणी आधी सांगितले नाही तर बाई घाबरून अर्धी होते, म्हणून सांगून ठेवते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे.

घरी आल्यावर रात्रीच उलट्या सुरू झाल्या. दुसरा दिवस, तिसरा दिवस, पाण्याचा घोटही ठरेना. दुसऱ्या खेपेनंतर त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला पुन्हा नेऊ नका. रोगाने मरेन, पण या मळमळीने मरायचे नाही." भगिनींनो, खरी गोष्ट इथेच आहे. मळमळ ही वरवर पाहता क्षुल्लक बाब वाटते. ओकारी कुणाला येत नाही? पण या ओकारीपायी बाई अर्ध्यावर उपचार सोडते, आणि अर्धवट उपचार म्हणजे अर्धी विझवलेली चूल. राखेखाली निखारा तसाच राहतो.

ही मळमळ कशाने होते ते मला एका नर्सबाईंनी समजावले. औषध रोगाच्या पेशींना मारते, तसे आतड्याच्या अस्तरालाही टोचते. तिथल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचे द्रव्य सोडतात. ते मज्जातंतूंना चेतवते, आणि मेंदूतल्या ओकारीच्या केंद्राला निरोप जातो की पोटात विष आले, बाहेर काढा. म्हणजे शरीर आपल्या परीने राखणच करत असते. ही मळमळ तीन तऱ्हेची असते. पहिली औषध चढल्यापासून चोवीस तासांतली. दुसरी त्यानंतरची, जी चार-पाच दिवस रेंगाळते. आणि तिसरी औषध चढण्याच्या आधीच येते. जाऊबाईंना तिसऱ्या खेपेला गाडी जामच्या चौकात आली की पोटात ढवळू लागे, अजून नागपूर दूर असे. लोक म्हणाले, मनाचे खेळ आहेत. मनाचे असले तरी ते ढोंग नव्हे. जीव एकदा पोळला की तो आधीच सावध होतो.

आता पहिला उपाय सांगते, आणि तो आजीबाईच्या बटव्यात नाही. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे. सिसप्लॅटिन नावाचे औषध १९७८ साली अमेरिकेत मान्य झाले, तेव्हा ते घेणाऱ्या माणसाला दिवसातून कितीतरी वेळा उलट्या होत, आणि त्यावर धड औषध नव्हते. १९९१ च्या सुमारास ऑन्डॅन्सेट्रॉन आले. ते सेरोटोनिनचा निरोपच वाटेत अडवते. पुढे आणखी औषधे आली. आज दोन-तीन गोळ्या मिळून देतात आणि पुष्कळ बायकांची उलटी त्यानेच थांबते. पण या गोळ्या घड्याळ लावून घ्यायच्या असतात. आपण बायका काय करतो? "आता बरे वाटते, उगाच गोळी कशाला," म्हणून डबीत ठेवून देतो, आणि ओकारी आली की घेतो. ती गोळीही मग उलटीबरोबर बाहेर. मळमळ येण्याआधी घ्यायची ती गोळी आहे.

आणखी एक. ओलान्झापिन नावाची गोळी औषधाच्या दुकानदाराने दिली, तर तो कधी कधी म्हणतो, "ही तर डोक्याच्या आजाराची." ऐकून घरचे लोक हबकतात. ती मूळची मानसिक आजारावरची हे खरे, पण मळमळीवरही ती फार गुणकारी ठरली आहे. तिच्याने झोप फार येते ही तक्रार होती. तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिली, आणि एवढ्या थोड्यानेही तितकाच गुण येतो व दिवसाची गुंगी कमी होते, असे २०२४ साली प्रसिद्ध केले. आपल्या मराठी मुलखात झालेले हे काम जगभर वाचले गेले.

जाऊबाई मात्र डॉक्टरांना काही सांगतच नव्हत्या. "कसे आहे?" म्हटले की "बरे आहे." बाहेर एवढी रांग, पुरुष डॉक्टर, आणि ओकारीचे काय सांगायचे, हा संकोच. तेव्हा मी दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पाने काढली. कोणत्या वारी किती वेळा उलटी झाली, किती पेले पाणी ठरले, कोणती गोळी किती वाजता घेतली, असे रोज लिहिले आणि वहीच डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ती उभ्या उभ्या दोन मिनिटांत वाचली आणि गोळ्या बदलून दिल्या. भगिनींनो, तोंडाने जे सांगवत नाही ते वही सांगते. ज्या घरी हा आजार आहे तिथे अशी वही ठेवा.

आता बटव्याकडे वळते.

सर्वांत आधी आले, म्हणजे आपल्याकडचे अद्रक, आणि सुंठ. डोहाळ्यांच्या दिवसांत आपल्या सासवांनी आपल्याला आलेपाक चघळायला दिला, तो काही उगाच नव्हे. कर्करोगाच्या मळमळीवरही त्याची रीतसर परीक्षा झाली आहे. दिल्लीच्या एम्समध्ये हाडांच्या कर्करोगाची मुले व तरुण यांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला सुंठीच्या कॅप्सूल दिल्या. साध्या कॅप्सूल घेणाऱ्यांत सुरुवातीच्या दिवसांची मध्यम ते तीव्र मळमळ शेकडा ९३ वेळा झाली, तर सुंठ घेणाऱ्यांत शेकडा ५६ वेळा. हे २०११ साली छापून आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ५७६ रुग्णांवरचा निष्कर्ष आला, त्यांत बहुतेक बायकाच होत्या. औषध चढण्याच्या तीन दिवस आधीपासून सहा दिवस रोज अर्धा ते एक ग्रॅम सुंठ घेतल्याने पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. दीड ग्रॅमने जास्त गुण आला नाही. म्हणजे थोडे चांगले म्हणून पुष्कळ अधिक चांगले, असा हिशेब इथे चालत नाही. आणि खरे ते सगळेच सांगावे: २०१७ साली इटलीत सिसप्लॅटिन घेणाऱ्या २४४ रुग्णांना आल्याचा अर्क देऊन पाहिला, त्यात काही फरक दिसला नाही. तेव्हा अद्रक हा आधार आहे, पण खात्रीचा इलाज नव्हे. तिन्ही ठिकाणी ते डॉक्टरांच्या औषधांबरोबर दिले होते, औषधांऐवजी नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

अर्धा ग्रॅम सुंठ म्हणजे चहाचा सपाट पाव चमचा. आम्ही तेवढी सुंठ गुळाच्या सुपारीएवढ्या गोळीत मळून देत असू, किंवा अद्रकाच्या दोन पातळ चकत्या पाण्यात उकळून, गाळून, कोमट करून घोटघोट. पण हेही डॉक्टरांना विचारून. अद्रकाने रक्त पातळ होण्याचा संभव असतो. रक्तातल्या प्लेटलेट कमी असतील, किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर ते बंद. छातीत जळजळ असेल किंवा तोंड आले असेल तरी नको. भाजलेल्या तोंडाला अद्रक म्हणजे जखमेवर तिखट.

दुसरे, लाह्यांचे पाणी. साळीच्या लाह्या मूठभर घेऊन, उकळून निवलेल्या दोन पेले पाण्यात अर्धा तास भिजत घालाव्या, गाळून त्यात चिमूटभर मीठ आणि थोडी साखर. वैद्यांच्या पोथ्यांतही वांतीवर लाह्या सांगितल्या आहेत. जाऊबाईंच्या पोटात दुसरे काही ठरत नसे, तेव्हा हे ठरे. त्याने मळमळ जाते असे मी म्हणत नाही, पण अंगातले पाणी टिकते, आणि उलट्यांत माणूस खचतो तो पाणी गेल्यानेच. लाह्या नसल्या तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. चमचा चहाचाच.

तिसरे, वास. लिंबू अर्धे कापून नाकाशी धरले तर काहींना उतार पडतो. तो निरुपद्रवी आहे, आणि गाडीत फार उपयोगी. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूलवर २०१३ साली इराणात परीक्षा झाली, तीत उलट्या कमी झालेल्या आढळल्या. आपण घरी पुदिन्याची पाने पाण्यात उकळून घ्यावी. वेलदोड्याचा दाणा, भाजलेली सोप, भाजल्या जिऱ्याचे पाणी, यांनी तोंडाची चव सुधारते. किमोत तोंडाला लोखंडासारखी चव येते. तेव्हा स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा द्यावा.

पण कच्चा पाला, मग तो पुदिना असो, सांभार असो की गव्हांकुराचा रस, औषधानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात तरी टाळावा. त्या दिवसांत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात आणि आपल्याला न बाधणारा जंतू रोग्याला बाधतो. रात्रीची आंबील, शिळे ताक यांचेही तसेच. ताजी, गरम पेज करावी.

स्वयंपाकाविषयी दोन शब्द. मळमळीचे निम्मे मूळ आपल्या फोडणीत असते. लसणाची, मोहरीची खमंग फोडणी आपल्याला भूक लावते, तीच रोग्याला उठवून मोरीकडे पाठवते. म्हणून तिचा बिछाना स्वयंपाकघरापासून दूर, खिडकीशी असावा. अन्न वाफाळते देऊ नये, निवलेले द्यावे, त्याला वास कमी असतो. ताटभर वाढू नये. दर दोन तासांनी वाटीभर. जेवून लगेच आडवे होऊ देऊ नये. आणि एक गंमतीची पण कामाची गोष्ट. १९७८ साली अमेरिकेत किमो घेणाऱ्या मुलांना उपचाराआधी एका नव्या चवीचे आईस्क्रीम दिले. मुलांना पुढे त्या चवीचीच शिसारी बसली. मन त्या चवीवर दोष ठेवते. म्हणून औषधाच्या दिवशी बाईचा आवडता पदार्थ करू नका. आपली माया असते की आज तिला पुरणपोळी द्यावी. त्या दिवशी साधा भात द्या, नाही तर पुरणपोळी तिला जन्माची नकोशी होईल.

आता जे सांगायला मन कचरते ते सांगते. आपला जिल्हा रानाचा. हिरडा, बेहडा, आवळा, मोह, बेल, सगळे दारात. रानातल्या झाडपाल्याची ओळख असणारी माणसे आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्या ज्ञानाचा मी आदर करते. पण जाऊबाईंच्या आजाराची वार्ता पसरली तशी आमच्या दारी एक माणूस आला. म्हणाला, "ते विषारी सलाईन बंद करा. माझी मुळी एकवीस दिवस घ्या, गाठ विरघळेल." सहा हजार रुपये सांगितले. पुरचुंडीत काय आहे विचारले तर सांगेना. आमच्या ओळखीच्या एका बाईने असेच ऐकून तिसऱ्या खेपेनंतर नागपूरला जाणे सोडले होते. चार महिने तिला बरेही वाटले. बरे वाटणारच, किमोची मळमळ थांबली होती. मग गाठ परत आली, आणि डॉक्टरांकडे गेली तेव्हा फार उशीर झाला होता. तिच्या पोरी लहान आहेत. भगिनींनो, मळमळ थांबणे आणि रोग थांबणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या दोहोंत जो गफलत करतो, तो आपला नव्हे.

झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हीही समजूत सोडावी. आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. तिच्यापासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टीन ही कर्करोगावरची औषधे निघाली. शेकडो किलो पानांतून ग्रॅमभर औषध हाती येते आणि ते मिलिग्रॅम मोजून देतात. म्हणून कुणी घरी सदाफुलीची पाने चावून खाल्ली तर कर्करोग बरा होत नाही, पण अपाय मात्र होऊ शकतो. किमो चालू असताना तर मुळीच नको. गुळवेलीचे तसेच. करोनाच्या साथीत घरोघरी काढा झाला. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी, गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, तो वाद मोठ्यांचा. पण ज्या बाईचे यकृत आधीच किमोचा भार वाहते, तिने त्या वादात आपले यकृत पणाला लावू नये. मिरी भाजीत चालते, पण मिऱ्याचे मोठे डोस काही औषधांचे रक्तातले प्रमाण वाढवतात. नाव-गाव नसलेली भस्मे तर हातातही घेऊ नयेत.

आयुर्वेद घ्यायचाच असेल तर शिकलेल्या वैद्याकडून आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना सांगून घ्यावा. पुण्याजवळ वाघोलीला वैद्य सदानंद सरदेशमुख यांच्या संस्थेत किमोच्या त्रासावर आयुर्वेदिक औषधे देऊन त्याच्या नोंदी ठेवण्याचे काम झाले आहे. उघड्यावर, लिहून ठेवून, दोन्ही वैद्यांच्या माहितीने, अशी ती रीत आहे. लपवून देण्याची रीत नव्हे.

केव्हा घरचे उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठावा, तेही सांगते. चोवीस तास पाणीही ठरत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल, उलटीत रक्त दिसले, किंवा ताप १०० च्या वर चढून १००.४ झाला, तर रात्र असो की पाऊस असो, थांबू नये. किमोतला ताप म्हणजे साधा ताप नव्हे. घरी थर्मामीटर असलाच पाहिजे. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. रेल्वेच्या तिकिटातही रोग्याला व सोबत्याला सवलत आहे.

जाऊबाईंच्या सगळ्या खेपा पुऱ्या झाल्या. आता तीन-तीन महिन्यांनी तपासणीला जातो. पुढचे कुणी सांगावे, पण आज त्या स्वतः चुलीपुढे बसतात, फोडणीही देतात. त्यांना विचारले तर म्हणतात, मला अद्रकाने तारले. मला वाटते, बदललेल्या गोळ्यांनी निम्म्याहून अधिक काम केले. आम्हा दोघींचे यावर अजून एकमत झालेले नाही, आणि होण्याची गरजही नाही. अद्रकाच्या पाण्याचा पेला घेऊन कुणीतरी रात्री दोन वाजता उशाशी बसले होते, त्याचाही त्या हिशेबात वाटा असावा.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. ज्या घरी असा आजार असेल तिथे आपण विचारपूस म्हणून घोळक्याने जातो, चहा घेतो, आणि कुणाचे कोण कसे गेले ते सांगून येतो. त्याऐवजी दोघी-दोघींनी पाळी लावावी. औषधाच्या दिवसानंतरचे चार दिवस त्या घरच्या माणसांचा डबा आपल्याकडून जावा, म्हणजे तिच्या घरात फोडणीचा वासच उठणार नाही. एकीने गाडीत सोबत जावे. मंडळाच्या पैशातून दोन थर्मामीटर आणि एक डझन वह्या घेऊन ठेवाव्या. याला भांडवल लागत नाही. आणि ज्या बाईला डॉक्टरांपुढे बोलवत नाही, तिच्या वतीने बोलणारी एक बाई तिच्याबरोबर असावी.

सूचना पसंत असेल तर नावे आजच चिटणीसबाईंकडे द्यावी.

जय हिंद, जय महाराष्ट्र!